फांदीला बांधलेला पट्टा

त्याचं नाव मी विचारलं नाही, पण गच्चीवरची टाकी दिसली की अजून डोकं सणकतं.

टाकीवर कडुनिंबाची फांदी झुकली होती, म्हणून झाडं छाटणाऱ्या माणसाला नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी बोलावलं. तो लंगडत आला. जवळ हेल्मेट आणि कोरा सेफ्टी बेल्ट. "ट्रेनिंगमंदी भेटला," म्हणाला. मला हायसं वाटलं. मग त्याने हेल्मेट सायकलला अडकवलं, चपला काढून बुंध्याला हात जोडले आणि बेल्ट खांद्यावर टाकून वर चढला.

"दादा, बेल्ट बांधा," मी खालून ओरडले.

"बांधून राहिलो ना, ताई."

बांधला, पण कापायच्या फांदीला. दुसरं टोक वरच्या खोडाला. हा स्वतः कुऱ्हाड घेऊन मोकळाच. मी बोंबलत राहिले, तो घाव घालत राहिला. फांदी बेल्टला लोंबकळली. टाकीला ओरखडाही नाही.

तो उतरल्यावर मी चिडून विचारलं, "तुम्ही पडला असता तर?"

"सायबानं सांगतलं, जे पडनार हाये त्याले बांधाचं. मी काहून पडीन?"

"मग हा पाय कसा मोडला?"

बेल्टवरचा भुसा झटकत तो शांतपणे म्हणाला, "तवा मी नाही पडलो, ताई. फांदी पडली. मी तिच्यावर बसून होतो."