नागासमोरचा लाकडी बैल
निर्मल गावच्या लाकडी खेळण्यांच्या ताज्या रंगाचा वास आला की नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवते. हैदराबादहून आलेला मावसभाऊ सुट्टीत फासे टाकत आम्हा मुलांना गोष्ट खेळवायचा; फासा पडेल तसं गोष्टीत घडायचं. त्यातले योद्धे म्हणजे आमची लाकडी खेळणी. त्या दुपारी गोष्टीत कोळशाच्या खाणीतून डोंगराएवढा नाग निघाला. "लढू नका, पळा!" भाऊ म्हणाला. मी सगळ्यांत आधी माझा हत्ती उचलला. वांकिडी गावच्या मित्राचा बैल मात्र नागासमोरच उभा. "अबे पळ, मेला तर खेळातून बाद होशीन!" मी ओरडलो. "होऊ दे. तुमी निंगा, मी याले अडवून राह्यलो." फासा पडला, बैल आडवा झाला, आम्ही सुटलो. उरलेली सगळी सुट्टी तो बाजूला बसून हसत आमचा खेळ पाहायचा आणि मी थक्क होऊन त्याला. आज चाळिशीतही धोका दिसला की माझा हात आधी माझ्याच हत्तीकडे जातो.