मामांनी राखलेली सतरंजी

न आलेल्या माणसांचे इतके मनःपूर्वक स्वागत करणारा गृहस्थ माझ्या मामांखेरीज या जगात दुसरा असेल, असे मला वाटत नाही. आलेल्यांना ते साधारणच वागवतात. मानेने खूण करून बस म्हणतात आणि विसरून जातात. त्यांचा सगळा जिव्हाळा गैरहजर माणसांसाठी शिल्लक असतो. हे मामा म्हणजे माझ्या आईचे चुलत भाऊ. निफाडच्या पलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध आमच्या गावी एक लहानसे ल्यूथरन चर्च आहे. गावातली आम्ही ख्रिस्ती माणसे त्याला देऊळच म्हणतो. मामा त्या देवळाची घंटा वाजवतात, झाडलोट करतात, दिवे पुसतात आणि पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, वेळोवेळी सूचना करतात. हे काम त्यांना कोणी नेमून दिले ते आता कोणालाच आठवत नाही, आणि म्हणूनच ते त्यांच्याकडून काढून घेणेही कोणाला जमलेले नाही.

आमच्या देवळात बाक नव्हते. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक जाडजूड, रंगीत आडव्या पट्ट्यांची सतरंजी अंथरलेली असे, आणि प्रत्येक घराचा एकेक पट्टा पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला होता. पट्ट्याच्या एका टोकाला त्या घरचे पुरुष बसत, दुसऱ्या टोकाला बायका. आमचा पट्टा निळा. आमच्या मागे पिवळा, तो शिक्षकांच्या घराचा. पुढे तांबडा, तो विहीरवाल्यांचा. पुढे मुले शिकली, कोणी सातपूरला कारखान्यात लागले, कोणी पुण्याला गेले, कोणी त्याहूनही लांब. पट्टे ओस पडले. मामांनी मात्र एकाही पट्ट्यावर दुसऱ्या कोणाला बसू दिले नाही. परिणामी रविवारी जी दहा-पंधरा माणसे येत, ती त्या प्रशस्त सतरंजीवर आपापल्या जागी इतकी विखरून बसत, की पाळकांना नदीच्या दोन्ही काठांवरच्या लोकांशी बोलल्यासारखा उपदेश करावा लागे.

नवे तरुण पाळक आले तेव्हा त्यांनी पहिल्याच रविवारी अत्यंत गोड आवाजात विनंती केली, "सर्वांनी जरा पुढे या. पुढे जागा रिकामी आहे." कोणी हलले नाही. मागून मामांचा आवाज आला, "रिकामी नाय, साहेब. ती लोकं यायचीत."

"कधी?"

"ते त्यांनाच माहीत. पण आली अन् जागा नसली, तर तुम्ही तोंड दाखवाल का मी?"

एकदा एका लग्नासाठी आलेला खतांचा विक्रेता चुकून तांबड्या पट्ट्यावर बसला. मामांनी त्याला उठवले. तो पिवळ्यावर गेला, तिथूनही उठवले. शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अहो, ही माणसे असतात तरी कुठे?" मामा म्हणाले, "पिवळी पुण्याला. तांबडी नाशिकला. तुम्ही असं करा, दारात उभे ऱ्हा. दाराचं कोणी नाय." त्याने संपूर्ण लग्न दारात उभ्याने पाहिले आणि पुढे गावातल्या कोणालाही खत उधार दिले नाही.

घंटेच्या बाबतीतही मामांचे शास्त्र स्वतंत्र होते. पहिली घंटा ते वेळेवर वाजवत. दुसरी मात्र निफाडहून येणारी एस.टी. फाट्यावर थांबून पुढे गेल्याशिवाय वाजत नसे. देवळाच्या पायरीवर उभे राहून, डोळ्यांवर हाताची सावली धरून ते कोण उतरते ते पाहत. बहुधा कोणीच उतरत नसे. मग ते "बरं" असे म्हणत, आणि उपासना सुरू होई. एका रविवारी ती गाडी वाटेतच बंद पडली, तेव्हा घरोघरी चुलीवरचे रस्से आटून करपायची वेळ आली, तरी घंटा वाजली नाही. पाळकांनी घड्याळ दाखवले. मामा म्हणाले, "देव काय एस.टी.नं जाणार नाय साहेब, तो थांबंल. माणसाचं तसं नसतं."

दर शनिवारी ते आपल्या बटणांच्या फोनवरून बाहेरगावच्या सगळ्या पट्ट्यांना फोन करत. मी सातपूरला कारखान्यात, तिथे मला फोन येई. "उद्या सतरंजी झटकायची हाय म्हणून इचारतो. येतो ना?" मी म्हणे, "बघतो, मामा." मी 'बघतो' म्हटले की ते मामीला ओरडून सांगत, "सातपूर येतंय गं!" सतरंजी झटकण्याचा कार्यक्रमही बघण्यासारखा असे. अंगणात ती पसरून ते प्रत्येक पट्ट्यावर वेगळ्या हाताने काठी मारत. नाताळला येणाऱ्यांच्या पट्ट्याला हलकी काठी. सख्ख्या चुलत्याच्या मातीलाही न आलेल्यांच्या पट्ट्याला अशी, की कोंबड्या पळत सुटत. मामीने एकदा मला हळूच सांगितले होते, "तुमच्या निळ्याला आधी कुरवाळतात, मग मारतात."

आमच्या पंथाविषयी मामांचे ज्ञान एवढेच होते, की ज्या जर्मन संन्याशाच्या नावाने आपण ओळखले जातो, त्याने आपल्या तक्रारी लिहून देवळाच्या दाराला ठोकल्या. हे त्यांना इतके पटले होते, की स्वतःची कोणतीही तक्रार ते देवळाचा कारभार पाहणाऱ्या पंचांना तोंडी सांगत नसत. कागदावर लिहून खिळ्याने दाराला ठोकत. "प्रभुभोजनाच्या दिवशी पंचांनी तंबाखू थुंकून यावे." "पाळकसाहेबांची प्रार्थना लांब होते, म्हाताऱ्यांचा विचार करावा." पाळकांनी दार खराब होते अशी कुरबूर केली, तेव्हा मामा म्हणाले, "दारासाठी धर्म हाय का धर्मासाठी दार?"

देवळाच्या मंडळीला शंभर वर्षे पूर्ण होणार होती, तेव्हा बाहेरगावी गेलेल्या आम्हा लोकांची नाशिकला बैठक झाली आणि देवळाला भेट म्हणून सागवानी बाक द्यावेत असे सर्वानुमते ठरले. हा निरोप घेऊन गावच्या पंचांपुढे मीच गेलो. सगळ्यांचे चेहरे खुलले. मामा कोपऱ्यात सतरंजीची दशी बोटांनी पिळत बसले होते.

"बाकावर कोण कुठं बसायचं?" त्यांनी विचारले.

"जो आधी येईल तो, मामा."

"म्हंजी एस.टी.सारखं."

दुसऱ्या दिवशी दारावर कागद होता: "बाक आल्यावर कोण आलं नाही ते कसं कळणार?" त्यावर पंचांनी बरीच चर्चा केली, पण बाक तर तयार होत आले होते. शेवटी पाळकांनीच मधला मार्ग काढला. शताब्दीची उपासना सतरंजीवर होईल. बाक तेवढा दिवस बाहेर मांडवात पाहुण्यांसाठी राहतील आणि दुसऱ्या दिवशी आत जातील. मामांनी मान हलवली. "एकदा भरलेली बघू द्या," ते म्हणाले. "मग गुंडाळा."

त्यानंतरच्या आठवड्यांत मामांनी फोनवर आम्हाला जेरीस आणले. त्यांनी सतरंजी धुतली, वाळवली, उसवलेले काठ मामीकडून शिवून घेतले. आणि खरोखरच, सोहळ्याच्या सकाळी फाट्यापासून देवळापर्यंत मोटारींची रांग लागली. पुणे आले, नाशिक आले, ज्यांच्या पट्ट्यावर जोराची काठी पडे तेही सहकुटुंब आले. सर्वांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, चहा घेतला, आणि मांडवातल्या नव्या बाकांवर जाऊन ऐसपैस बसले.

पहिली घंटा झाली. कोणी उठले नाही. मांडवात आतले ऐकू यावे म्हणून लाउडस्पीकर लावला होता, आणि जो तो शेजाऱ्याला सांगत होता, "इथूनच ऐकू या. आता खाली बसवतंय कुणाला!" आम्ही सगळे पन्नाशीच्या पुढचे, कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाच्या तंग विजारी. दुसरी घंटा वाजेना. मी मान वळवून पाहिले, तर मामा धुतलेल्या धोतरात दारात उभे होते. त्यांच्या मागे ती सतरंजी, सगळे रंग उजळून, भिंतीपासून भिंतीपर्यंत रिकामी दिसत होती. ते रागावले नव्हते. एस.टी.तून कोणी उतरले नाही की जसे बघत, तसेच आमच्याकडे बघत होते.

आधी उठली माझी पत्नी, जिला डॉक्टरांनी मांडी घालायला बंदी केली आहे. "चला," ती मला म्हणाली. "बसताना बसू. उठायचं मग बघू." आम्ही गेलो. मागून पिवळे आले, तांबडे आले, मग सगळेच. कोणी भिंतीला धरून, कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर भार टाकून, कण्हत, हसत, "अगं आई गं" म्हणत एकेक जण आपापल्या पट्ट्यावर टेकला. दुसरी घंटा अशी वाजली, की पारव्यांचा थवाच्या थवा छपरावरून उडाला. गीत सुरू झाले तेव्हा मामा गात नव्हते. पट्ट्यापट्ट्यावरून नजर फिरवत ते नुसते ओठ हलवत होते.

खरी फजिती उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादानंतर झाली. आम्हाला उठता येईना. सगळी मंडळी जमिनीवर, आणि उभे फक्त दोघे, पाळक आणि मामा. सबंध आयुष्य मांडी घालून गेल्यामुळे मामांचे गुडघे आमच्यातल्या कोणाहीपेक्षा शाबूत होते. ते तांबड्यापासून सुरू झाले. दोन्ही हात पुढे करून, "हं, उचल स्वतःला," म्हणत एकेकाला ओढून उभे करत मागेपर्यंत आले. मला उठवताना म्हणाले, "काय रे ही अवस्था! कारखान्यात बसायला खुर्ची देतात वाटतं?"

जेवणे झाली, मोटारी गेल्या. मी रेंगाळलो. मामा निळ्या पट्ट्यावर एकटे बसले होते, आणि एखादे जुने कोडे सुटावे तसा त्यांचा चेहरा निवांत होता. मी कसाबसा त्यांच्याशेजारी टेकलो.

"उद्या बाक आत घ्या," ते म्हणाले. "आजच घेतले तरी चालंल."

"मामा, पण सतरंजी?"

"अरे, मला कोणी बोललंच नाय. मी इतकी वर्षं डोकं खाजवतोय, का येत नसतील पोरं. म्हटलं, आपलं काही चुकलं का. कोणाला काही बोललो का." त्यांनी सतरंजीवरून हात फिरवला. "गुडघे होते व्हय रे!"

सातपूरहून गावी यायला फार वेळ लागत नाही. रविवारी सुट्टी असते, आणि माझे गुडघे अगदी अलीकडे दुखू लागले आहेत. हे सगळे माझ्या ओठांपर्यंत आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"हो मामा," मी म्हणालो. "गुडघेच."

"मग आधी सांगायचं ना, येड्या," मामा म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर क्षणभर हात ठेवून, सतरंजी गुंडाळायला उठले.