ढोल थांबेपर्यंत

१४ मार्च १९३८, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. ही वेळ मी आजवर कुणापुढे उच्चारलेली नाही — आईपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही. नऊ वर्षे झाली. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापुढे बोलण्याचे धाडस करते आहे. की हेही धाडस नव्हे?

क्रमाने सांगते. मला क्रमानेच सांगता येते.

परतूरच्या बाहेर एका बड्या जमीनमालकाचे शेत होते. त्याने ट्रॅक्टर विकत घेतला होता, आणि ट्रॅक्टरच्या ताकदीवर चालणारे मळणीयंत्रही. मी तेव्हा बावीस वर्षांची, पदार्थविज्ञान शिकून हैदराबादेहून नुकतीच परतलेली. यंत्राच्या चाचणीची मोजमापे ठेवणे हे माझे काम. चाचणी यशस्वी झाली, तर परदेशी शिक्षणासाठी माझ्या नावाची शिफारस करायची, असे मालकाने कबूल केले होते. ती शिफारस मला हवी होती. किती हवी होती, ते पुढे कळेल.

यंत्राविषयी थोडे सांगणे भाग आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला एक फिरता दांडा असतो. इंजिनाची ताकद त्यातून मळणीयंत्राच्या दातेरी ढोलात जाते. इंजिन आणि दांडा यांच्यामध्ये क्लच — म्हणजे घट्ट दाबून धरलेली एक तबकडी. चालकाने पायाने क्लच दाबला की तबकडी सुटते. मग हाताने लिव्हर ओढायचा, की दांड्याला फिरवणारे दात एकमेकांतून निघतात आणि ढोल उरलेल्या वेगाने फिरून थांबतो. पण तबकडी फार तापली, तर पाय दाबूनही ती पुरती सुटत नाही, घासत राहते. ती घासत राहिली की दातांवरचा ताण जात नाही, आणि ताणाखालचे दात लिव्हरने निघत नाहीत. चालकाने सारे बरोबर केले तरी ढोल फिरतो — पत्र्याच्या झाकणाखाली, भुसकटात, बाहेरून न दिसता.

हे मला ठाऊक होते का? होते.

पहिल्या दिवशी सकाळी, यंत्र थंड असताना, मी कळ दाबून सुरू-बंद करायचे सेकंदांचे घड्याळ लावून मोजले होते. लिव्हर ओढल्यापासून ढोल थांबेपर्यंत सात सेकंद. तो आकडा तक्त्यात लिहून मी तक्ता मालकाला देऊन टाकला. तेरा तारखेच्या दुपारी, यंत्र तीन तास चालल्यावर, पुन्हा मोजले. चौदा. परत मोजले. पंधरा. ट्रॅक्टर चालवणारे करीमभाई घाम पुसत मला म्हणाले, "बाई, गरम झालं की लिव्हर सुटंना. पायाखाली प्लेट घासून राह्यली. मालकाच्या कानावर घाला, जल्दी."

मी म्हटले, पाहुणे येऊन गेले की घालते.

दुसऱ्या दिवशी मालकाचे पाहुणे यंत्र पाहायला येणार होते. कणसे ढोलाच्या तोंडाशी वारंवार अडकत. दर वेळी ढोल थांबवून हाताने ती काढावी लागत. हात घालण्याआधी थांबण्याची वेळ वाढवली, तर तासाला निघणारी ज्वारी कमी भरणार, आणि तक्त्यातला सातचा आकडा खोटा ठरणार — माझा आकडा. म्हणून मी गडीमाणसांना घालून दिलेला नियम बदलला नाही. लिव्हर ओढल्याचे करीमभाईंनी ओरडून सांगायचे, कणसे घालणाऱ्याने दहापर्यंत मोजायचे, मग हात घालायचा. दहा.

कणसे घालायला मारोतीआबा होते. मुद्दाम त्यांनाच मी निवडले होते. पन्नाशीचे, धिम्या चालीचे गृहस्थ, गावचे मापारी. खळ्यावर रास पडली की पायली भरून धान्य मोजायचे काम त्यांच्या घराकडे पिढ्यांपासून. ते मोठ्याने मोजत, आणि त्यांनी उच्चारलेला आकडा घेणारा आणि देणारा दोघेही निमूट मानत. मोजणीत न चुकणारा माणूस मला हवा होता — विचार किती शास्त्रशुद्ध होता, पाहा.

पहिल्याच दिवशी त्यांनी "लाभ" म्हणून सुरुवात केली. खळ्यावरच्या पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत; लाभ म्हणतात. मी हसून त्यांना दुरुस्त केले. ते म्हणाले, "बाई, एक म्हणलं की रास एकावरच अडती. लाभ म्हणू द्या. पुढं तुमचे नऊ बिलकुल बराबर देतो, एक दाना कमी न्हाई." करीमभाई ट्रॅक्टरवरून ओरडले, "आबा, मशीनीला बी खळं समजून राह्यले का?" आबा म्हणाले, "मंग काय समजू? तुज्या सासऱ्याची मोटार?" सगळे हसले. मीही.

चौदा तारखेला दोन वाजता पाहुणे यंत्राभोवती उभे होते. यंत्र सकाळपासून चालू होते. तापलेल्या ट्रॅक्टरजवळ उभे राहवत नव्हते. कणसे अडकली. करीमभाईंनी क्लच दाबला, लिव्हर ओढला आणि ओरडले. मी आबांपासून दोन हातांवर होते. इंजिनाचा आवाज खाली आला होता, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आले — लाभ. दोन. तीन. चार. धान्य मोजताना मोजत तसेच, प्रत्येक आकड्यानंतर एक श्वास. मालक मागून म्हणाले, "आबा, जरा हात उचला की." आबांनी घाई केली नाही. आठ. नऊ. दहा. मग त्यांनी हात घातला.

मला त्यांना थांबवता आले असते का? माझे तोंड उघडेच होते. मी पाहुण्यांना काहीतरी समजावून सांगत होते.

उजवा हात कोपरापासून गेला. माणूस वाचला. त्यांना बैलगाडीतून परतूरच्या दवाखान्यात नेले. पत्र्यावर, भुसकटावर, माझ्या पायांवर — नको. तेवढे सांगून माझा भार हलका होईल, आणि ते मला नको आहे.

तिसऱ्या दिवशी मालकाने ओसरीवर चौकशी ठेवली. गावातले दोन जाणते होते. पाहुणे परत गेले होते, आबा दवाखान्यातच होते. करीमभाई म्हणाले, लिव्हर मी ओढला होता, पण तो सुटला नाही. मालकाने माझ्याकडे पाहिले. ढोल थांबायला किती वेळ लागतो? तक्ता त्यांच्या हातातच होता. मी म्हटले, सात सेकंद. मग मालकाने विचारले, आबांनी दहापर्यंत मोजले होते का?

आता तुम्हाला सांगते — जे लपवले, ते हे. मी म्हटले, "पाचपर्यंत मोजलेले मी ऐकले. पुढचे ऐकले नाही."

पाच हा आकडा मी विचार करून निवडला. मोजलेच नाही, असे म्हटले असते तर आबांना ओळखणाऱ्या कुणीही विश्वास ठेवला नसता. पाच पटण्यासारखे होते. करीमभाई माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली. त्यांची नोकरी मालकाच्या हातात होती. माझी तर नोकरीसुद्धा नव्हती. फक्त पुढचा रस्ता होता.

हात गेला तो यंत्राने. उरलेले मी घेतले. मापारी चुकला, पाचावरच थांबला — हे आठवड्यात गावभर झाले. डाव्या हाताने पायली भरता येते. आबांनी भरून पाहिली. पण पुढच्या सुगीला त्यांना खळ्यावर कुणी बोलावले नाही. ते एका राशीपाशी गेले, तर तिथला एक जण म्हणाला, "आबा, पाचाच्या पुढं आमचं आमी मोजतो." हे मला करीमभाईंनीच सांगितले, मी सामान घेऊन स्टेशनवर उभी असताना. गाडी आली. मी शिकायला गेले, शिकले, परतले. आबा टेंभुर्णीला लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले, असे नंतर कळले. ते मला कधी काही बोलले नव्हते. चौकशीत मी काय सांगितले, हे त्यांना माहीत होते का? माहीत होते.

एक गोष्ट राहिली. त्या दुपारी घड्याळ माझ्या हातात चालू होते. लिव्हर ओढताच मी ते सवयीने सुरू केले होते. किंकाळी ऐकली, लोक धावले, मी जागची हलले नाही. आणि ढोल खरोखर थांबला त्या क्षणी माझ्या अंगठ्याने घड्याळ बंद केले. संध्याकाळी मी तो आकडा वहीत लिहिला. चौकशीच्या वेळी ती वही माझ्या मांडीवर होती. ते पान मी उघडले नाही. त्यानंतर त्या वहीत मी काहीही नोंदवलेले नाही.

एकोणीस सेकंद.