रशियाशी तिसरी ओढ

दादाचा आणि माझा अबोला तीन वर्षं टिकला, आणि तोही एका रस्सीखेचीवरून. कुणाला सांगितलं तर हसतात. बांधावरून, घराच्या वाटणीवरून भाऊ भाऊ तुटतात हे लोकांना पटतं. खेळावरून म्हटलं की त्यांना वाटतं, हा म्हातारा काहीतरी लपवतोय. मी काही लपवत नाही. मला त्या खेळाचा राग आहे, अजून आहे, आणि तो मरेपर्यंत जाईल असं वाटत नाही.

आम्ही वैनगंगेकडचे, धानाची शेती असलेले. दादा, माझा थोरला भाऊ, आधी एका धरणाच्या कामावर गेला होता. भिलाईत कारखाना उभा राहू लागला तसा तो इकडे आला, खलाशी म्हणून लागला, आणि वर्षभरात त्यानं मला बोलावून घेतलं. खलाशी म्हणजे दोर आणि कप्प्या लावून अवजड लोखंड वर चढवणारा माणूस. दादा हाडापेरानं दणकट. मी काडीपैलवान. दादानं मुकादमाला सांगितलं, "याच्या अंगात काई नाई, पन नजर पक्की हाये. याले इशाऱ्यावर ठेवा." म्हणून मी टोळीचा इशारेवाला झालो. मी ओरडायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं.

पहिल्याच दिवशी दादानं माझं मनगट धरलं आणि एकच गोष्ट शिकवली. "दोर हातात धराचा, हाताले गुंडाळाचा नाई. गुंडाळला का हात तुया नाई राह्यला, दोराचा झाला." धरणाच्या कामावर त्यानं एकाचा पंजा जाताना पाहिला होता. त्याबद्दल याहून जास्त तो कधीच बोलला नाही.

ओरडायचे शब्द आम्ही रशियन लोकांकडून उचलले होते. विरा म्हणजे ओढा, वर घ्या. माइना म्हणजे सोडा, हळूहळू ढिलं करा. मी "माइना" म्हटलं की आठही जणांचे हात ढिले पडत. का, कशाला, असं कुणी विचारत नसे. डोक्यावर लोखंड लटकत असताना विचारायला वेळ कुठला? झोपेत म्हटलं असतं तरी त्यांचे हात सुटले असते.

सामन्याची टूम कुणाची होती कोण जाणे. रशियन वसाहतीजवळच्या मैदानात रविवारी खेळ ठेवले होते, त्यात रस्सीखेच. एका साहेबानं लांबलचक कापड रंगवून घेतलं: भारत विरुद्ध रशिया. तोवर आम्ही भारत आहोत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही खुर्सीपारच्या झोपड्यांतले खलाशी, सकाळी डबा घेऊन जाणारे आणि संध्याकाळी धूळ घेऊन येणारे. समोरचे आठजण इंजिनियर आणि नकाशेवाले, रविवारी जरा मोकळी हवा खायला आलेले. पण त्या कापडानं आमच्या टोळीचं डोकं फिरवलं. सगळ्यांत जास्त दादाचं.

त्यानं गावी बाबांना कार्ड टाकलं. अक्षर माझं, मजकूर त्याचा. "रविवारी आमची रशियाशी गाठ आहे. आशीर्वाद असावा." वहिनीनं त्याचं बनियन नीळ घालून धुतलं. आठवडाभर तो जेवताना रशियनांच्या बाजूनं शेवटी उभं राहणाऱ्या माणसाबद्दलच बोलायचा. पोट सुटलेला, कायम हसणारा, आमच्या कामावर देखरेखीला येणारा आणि दादाला स्वतःच्या डबीतली सिगारेट देणारा. आमच्या बाजूनं शेवटी दादा उभा राहणार होता. "त्याले एकडाव बसवतो मातीत," दादा म्हणायचा. "मंग बाबाले कार्ड लिहू."

पहिली ओढ आम्ही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हरलो. दुसरी आम्ही जिंकलो, आणि मैदानात असा गलका झाला की मला माझाच आवाज ऐकू येईना. तिसरी सुरू झाली. मी दोराच्या कडेनं पळत "विरा, विरा" ओरडत होतो. दोराला मधोमध बांधलेलं लाल फडकं हळूहळू आमच्याकडे सरकत होतं. दोन हात राहिले होते. फक्त दोन हात. वहिनी लोकांमध्ये डोक्यावरचा पदर सावरत उड्या मारत होती. तिला तशी मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

मी दादाकडे पाहिलं. त्याची टाच रोवलेल्या खड्ड्यातून निसटली होती. तो पुढे घसरत होता, आणि घसरता घसरता त्यानं दोर डाव्या मनगटाला गुंडाळला. एक वेढा. मग दुसरा. बोटं काळीनिळी झाली होती. दोराच्या दुसऱ्या टोकाला आठ धिप्पाड माणसं एकदम मागे झुकली होती.

"दादा, हात सोडव" असं मी म्हणू शकलो असतो, असं लोक नंतर म्हणाले. खरं आहे. पण माझ्या तोंडात अशा वेळी एकच शब्द असायचा.

"माइना!"

आमचे आठही जण ढिले पडले. दादाचीही बोटं उघडली आणि वेढे निसटले. रशियन मात्र ओढतच राहिले. शब्द त्यांचा होता, पण त्यावर हात ढिले करायची सवय आमची होती. त्यांच्यापैकी कुणी कधी दोर धरला होता? ते धडाधड उताणे पडले, दोर लाल फडक्यासकट त्यांच्याकडे गेला आणि टाळ्या सुरू झाल्या.

रशियन हसत उठले. त्यांनी आमच्या माणसांना मिठ्या मारल्या, पाठी थोपटल्या. पोटवाल्यानं दादाचे दोन्ही गाल चुंबले. मग चहा आला, समोसे आले. साहेब म्हणाले, मैत्रीचा विजय झाला. दादा समोसा हातात धरून उभा होता. त्यानं तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही.

घरी जाताना त्यानं विचारलं, "कावून म्हटलं तू माइना?"

मी म्हटलं, "दादा, तू दोर गुंडाळला होता."

"मले मालूम नाई का? मीच गुंडाळला नं." तो पुढे होऊन चालू लागला. "हात माया होता. तुया नोता."

यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमाकडे जाऊन त्यानं टोळी बदलून घेतली. बाबांना दुसरं कार्ड गेलंच नाही. टोळीतले लोक महिनाभर मला पाहिलं की "दोन हात राह्यले होते बे" म्हणायचे, मग विसरले. दादा विसरला नाही.

आम्ही एकाच खोलीत राहायचो, एकाच तव्यावरची भाकर खायचो. दादा वहिनीकडे पाहून म्हणायचा, "त्याले सांग, कंदील भरून ठेव म्हना." मी वहिनीकडे पाहून म्हणायचो, "त्याले सांग, भरला." वहिनी कपाळावर हात मारायची. "मी काय टेलिफोन हावो काय तुमचा?" सुरुवातीला आम्ही दोघंही त्यावर हसायचो, वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून. पुढे कुणी हसेनासं झालं. वहिनीनं विचारणंही सोडलं. ती निरोप पोहोचवायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची.

दोन वर्षांनी पोटवाला रशियन मायदेशी निघाला. दुभाष्याला घेऊन तो आमच्या टोळीचा निरोप घ्यायला आला. मी त्याला त्या रस्सीखेचीबद्दल विचारलं. त्यानं भुवया आक्रसल्या, दुभाष्याशी काहीतरी बोलला आणि मान हलवली. त्याला व्हॉलीबॉल आठवत होता. आमच्याशी कधी दोर ओढल्याचं आठवत नव्हतं. त्यानं मला एक टिनचा बिल्ला दिला आणि हसत हसत गेला. इतका चांगला माणूस होता की त्याच्यावर चिडताही येईना.

म्हणून मी घरी चिडलो. दादा जेवत होता. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "आयकलं का वहिनी? त्या रशियनाले मॅचच आठवत नाई. आन् इथं दोन वर्षं होऊन राह्यले!"

दादाचा हात ताटात थांबला. त्यानं डोळे वर केले नाहीत. पाणी प्यायला, ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मला वाटलं होतं, ऐकून त्याचं मन हलकं होईल. ते खोटं आहे. मला त्याला लागेल असंच काहीतरी बोलायचं होतं, आणि त्याला लागलं. मैदानातल्या त्या शब्दाचा मला पश्चात्ताप नाही. या बोलण्याचा आहे.

पुढच्या वर्षी दादाला कावीळ झाली. आधी आम्ही झाडपाला केला, मग दवाखाना, मग दोन्ही. उपयोग झाला नाही. एका शनिवारी सकाळी तो गेला. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या गुरुवारचं.

मी पहिल्या पाळीवरून दुपारी घरी आलो तर वहिनी दारातच उभी. दादा तापात बडबडत होता. खाटेच्या पायथ्याची सुटलेली दोरी त्यानं डाव्या मनगटाला गुंडाळली होती आणि दात आवळून ओढत होता. अंगात काही उरलं नव्हतं, तरी हात सुटत नव्हता. वहिनीनं ओढून पाहिलं होतं, त्याच्या बोटांना तेल लावून पाहिलं होतं.

"तू म्हन नं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मी नाई म्हनत."

"म्हन बाप्पा. हात तुटल नं त्यायचा."

मी खाटेपाशी बसलो. मैदानात एवढ्या मोठ्यानं ओरडलेला शब्द आता तोंडातून निघेना. मग हळूच म्हणालो, "माइना, दादा. माइना."

त्याची बोटं एकेक करून उघडली. वहिनी तोंडात पदर कोंबून कळशी घेऊन बाहेर गेली. मी दोरीचे वेढे सोडवले. मनगटावर पांढरा वळ उठला होता, तो मी अंगठ्यानं चोळत राहिलो. रडत होतो, हे मला नंतर कळलं.

बऱ्याच वेळानं दादानं डोळे उघडले. पिवळे झालेले डोळे. त्यानं तो हात तोंडासमोर धरला. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"हात तं हाये," तो म्हणाला.

सवयीनं मी मागे वळून पाहिलं, वहिनीला सांगतोय असं वाटून. वहिनी अजून नळावरच होती.