‘व्हय म्हाराजा’ आणि मरोळचा माळा

घाटकोपरला आमच्या चाळीत तळमजल्यावर कोकणातल्या एका गावाच्या मंडळाची खोली होती. गावचे सगळे एकटे पुरुष तिथे राहत. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खाली ट्रंकेपुरती जमीन. बाईमाणसाला मुक्कामाची बंदी. दत्तारामची खुंटी खिडकीजवळ, म्हणजे त्या खोलीतलं मलबार हिलच. त्याची गिरणी संपात बसली ती उठलीच नाही, पण खुंटी शाबूत होती.

गावी मात्र वाटणीत घर थोरल्या भावाकडे गेलं आणि दत्तारामची बायको वनमाला गोठ्यात राहायला लागली. तिला मुंबईत आणायचं, बाकी काही त्याला सुचत नव्हतं.

मंडळाच्या पूजेला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडायचा मान सीतारामभाऊंचा. मरोळला त्यांचा कारखाना, खोलीतले निम्मे तिथेच कामाला. त्या वर्षी भाऊंनी हातात नारळ धरला.

“बा देवा म्हाराजा, माझ्या कारखान्यावरचो माळो मी ह्या दत्तारामाक देतलंय. थंय तेचो संसार सुखात चलान दी, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खोली गरजली. सगळ्यात मोठा आवाज अर्थातच दत्तारामचा.

गावात गाऱ्हाण्यावर पिढ्यांची भांडणं मिटतात, तिथे स्टँपपेपर कोण मागतो? दत्तारामने खुंटी गावाहून नव्याने आलेल्या लवूला देऊन टाकली. भाऊंनी ते पाहिलं, वर त्याची पाठ थोपटली. तिकडे वनमालेने शेळ्या विकल्या, गोठा जावेला मोकळा करून दिला आणि ती आली. दोघं ट्रंक घेऊन मरोळला पोचली, तर माळ्यावर भाऊंच्या मुलाचं ऑफिस थाटलेलं, नवा पंखा गरगरतोय. भाऊ या खेपेला मालवणी सोडून शुद्ध मराठीत म्हणाले, “मी देवाला सांगितलं होतं. तुला कुठे?”

आमच्या चाळीच्या गॅलरीत ट्रंक टेकली. मालकाच्या माणसाने शनिवारपर्यंत गॅलरी मोकळी करा म्हणून बजावलं. वरच्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश अंधेरीच्या कोर्टात वकिली करत. दत्तारामने त्यांना गाठलं.

वकिलांनी पहिलंच विचारलं, बदल्यात काय दिलंस? काही नाही. मग कठीण आहे, ते म्हणाले. एकतर्फी शब्द म्हणजे नुसता वारा. जर्मनीत असं फुकटचं वचन नोटरीपुढे द्यावं लागतं. इंग्लंडात बदल्यात मिरीचा एक दाणा दिला तरी करार होतो.

दत्ताराम उजळला. “मिरी तर भाऊंना दरवर्षी देतो साहेब, गावची.”

“माळ्यासाठी?”

“नाही. प्रेमाने.”

“मग गेली प्रेमात.”

एक वाट मात्र होती. समोरच्याच्या शब्दावर विसंबून माणसाने होतं ते सोडलं, आणि शब्द देणाऱ्याला ते दिसत होतं, तर कोर्ट त्याला मागे फिरू देत नाही. सरकारला कोर्टाने असं शब्दात धरलेलं आहे, सीतारामभाऊंना धरता येईल का ते बघू. पण शब्द ऐकलेला साक्षीदार हवा.

साक्षीदार? खोलीभर होते! दत्ताराम वनमालेला घेऊन खाली गेला. कुणी म्हणाला, त्या दिवशी मी प्रसाद ढवळत होतो. कुणी म्हणाला, गाऱ्हाण्यात आम्ही व्हय म्हणतो, ऐकतो कोण? सगळ्यांच्या नजरा आपापल्या खुंटीकडे. पुढच्या पूजेला मंडळाचा खर्चही भाऊच करणार होते.

वनमाला उंबऱ्याबाहेरच उभी होती. “देवासमोर तोंडा उघडलास, आता माणसासमोर दातखीळ बसली?”

मग खिडकीजवळून लवू उठला. तोही भाऊंच्याच कारखान्यात होता, आणि साक्ष दिली की नोकरी गेली हे त्याच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. “दत्ताराम, मी येतंय कोर्टात. शबूद दितंय तुका.”

दत्तारामने त्याच्याकडे पाहिलं. मग लवूच्या मागे, पूर्वी आपल्या असलेल्या खुंटीकडे. तिच्यावर लवूचा सदरा होता.

“शबूद दितंस,” तो म्हणाला, “पण तेच्या भरवशार आता मी काय सोडू रे? सोडूक कायच उराक नाय.”

गॅलरीत परतल्यावर वनमालेने ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी त्याने धरली. गॅलरी मोकळी करायचा शनिवार उजाडला होता.