सुमतीताईंनी अडवलेले पाणी

सुमतीताईंची माझी पहिली भेट इथे परदेशात, पार्सिपनी गावातल्या एका स्नेह्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाली. मी कंपनीत डेटाचे काम करतो हे कळताच त्या म्हणाल्या, "मग शनिवारी गमबूट घालून या."

तासाभराच्या ड्राइव्हनंतर त्यांनी सांगितलेल्या शेतावर पोहोचलो तेव्हा कांद्याची शेते धुक्यात बुडाली होती. काळीभोर माती पावलांखाली गादीसारखी दबत होती. ही एके काळची दलदल. हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली न कुजता इथे साठला. शेतीसाठी पाणी काढून टाकले, तशी माती हवा लागून कुजू लागली आणि कार्बन डायऑक्साइड सोडत खचू लागली. जमिनीतले पाणी पुन्हा वर आणून हा वायू थोपवायचा, हे मृदाशास्त्रज्ञ सुमतीताईंचे आयुष्यभराचे काम. फ्रँक नावाच्या वृद्ध शेतकऱ्यांनी त्यांना शेताचा एक कोपरा दिला होता. तिथे कांद्याऐवजी ओल सोसणारे गवत होते. वायू मोजायची पारदर्शक पेटी मातीवर पालथी घालून ताई गुडघे टेकून बसल्या. किती वेळ गेला, मला कळलेच नाही.

त्या उन्हाळ्यापासून पेटीतल्या नोंदींचा हिशेब मी करू लागलो, आणि माझ्या आकड्यांत दिसले, की कार्बन डायऑक्साइड घटला, पण हवा त्याहून जास्त तापवणारा मिथेन वायू फार वाढला.

"हे आठवडे रिपोर्टमधून ड्रॉप करू या का? नाहीतर ट्रायल बंद पडेल," मी म्हणालो.

"आणि फ्रँकना काय सांगू?" ताईंनी शांतपणे विचारले.

त्याच दुपारी त्यांनी फ्रँक यांच्या स्वयंपाकघरात बसून चूक कबूल केली. पाणी जास्तच वर आणले गेले होते. फ्रँक उठून बूट चढवू लागले. मग म्हणाले, "किती खाली घ्यायचं?" चरातली पाणी अडवणारी फळी त्यांनी स्वतः वीतभर उतरवली. पुढच्या हंगामात दोन्ही वायू आटोक्यात आले.

माझे वडील गेले तेव्हा व्हिसामुळे मला नागपूरला जाता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या दारात उभ्या. मला थेट शेतावर घेऊन गेल्या. "बोला, नाहीतर नका बोलू," एवढेच म्हणाल्या. धुके विरेपर्यंत आम्ही बांधावर बसलो. मी पहिल्यांदा रडलो तो तिथे.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. फ्रँक यांनी आता आणखी दोन शेते ओली ठेवायला घेतली आहेत. वीतभर नवी माती साठायला एक जन्म पुरत नाही, असे ताई हसून सांगतात. तरी ती साठताना पाहायला त्यांना भरपूर वर्षे मिळोत, गुडघे ठणठणीत राहोत, आणि त्यांच्या मागून चालताना आम्हा तरुणांनाच धाप लागो.