पाठीइतकी भिंत

मला वारली चित्रं शिकवली ती येऊरच्या पाड्यावरच्या एका आजीने. हे आधीच सांगतो, कारण जिथे सांगायला हवं होतं तिथे मी गप्प बसलेलो.

मी जतकडचा. आठवीत शाळा सुटली, मामाच्या मागे शहाडला आलो आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. पुढे जिकडे तिकडे फ्लेक्स लागले, पाट्यांचं काम गेलं. मग मिळेल ते: पार्किंगचे नंबर, गेटच्या जाळ्या. ठाण्यात वर्तकनगरच्या एका सोसायटीचं गेट रंगवत होतो, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "बाहेरच्या भिंतीवर वारली काढशील का रे?" मी हो म्हणून टाकलं. कामाला नाही म्हणायची छाती मला कधी झालेली नाही.

मोबाईलमध्ये बघून दोन माणसं काढली. त्याच भिंतीला पाठ टेकून, सावलीत, आजी रानभाजी विकायला बसायची. तिने मान वळवून बघितलं.

"ही मेलेली हायत काय रे?"

"का हो आजी?"

"पाय बघ त्यांचं. चालतील काय ती?"

मी हसलो, पण रात्रभर ते पाय डोक्यात. पुढच्या रविवारी तिच्या मागोमाग पाड्यावर गेलो, मग दर रविवारी जात राहिलो. नाचणीची भाकरी तिच्याकडेच. घर सोडल्यापासून मला कुणी समोर बसून वाढलं नव्हतं. बांबूची काडी चावून तिची कुंचली करायची, हे तिने शिकवलं. आजी धवलेरी होती, म्हणजे त्यांच्या लग्नात गाणी म्हणून देवांना बोलावणारी. ती गाणं म्हणायची आणि त्यात जे येईल ते मी काढायचो. आधी झाड, मग झाडावरचा पक्षी. मी घाई केली की गाणं थांबायचं. "झाड उगवलं नाय अजून, पक्षी बसवतोस कुठं?"

एकदा तिच्या नातवाच्या लग्नातला चौक भिंतीवर दिसला. चौकोनात हात पसरून उभी देवी. मी फोटो काढला.

"हा काढू नको हां," आजी म्हणाली. "लगीन असलं तरच तिला बोलवायची."

मी मान डोलावली.

सोसायटीची भिंत झाली. नाच झाला, शेत झालं. सेक्रेटरींनी लांबून बघितलं. "मस्तच! पण मध्ये रिकामं दिसतंय. काहीतरी मोठं टाक ना." तिथे तारपा फुंकणारा माणूस काढता आला असता, सूर्य काढता आला असता. पण मी घाबरलो की पसंत पडणार नाही, काम जाईल. फोटो उघडला आणि दुपारपर्यंत चौक काढून मोकळा झालो, देवीसकट. त्या दिवशी आजी आली नव्हती, तेही मला बरंच वाटलेलं.

"कुठे शिकलास रे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"असंच. बघून बघून."

कोपऱ्यात माझं नाव आणि मोबाईल नंबर टाकला. आजीचं नाव घालायचं म्हटलं तरी घालता आलं नसतं. इतके रविवार तिच्या हातचं खाल्लं, पण नाव विचारलंच नव्हतं.

आठवड्याने पैसे घेऊन गेटबाहेर आलो तर आजी रस्त्याच्या पलीकडे, भर उन्हात. डोक्यावर पदर, टोपलीतली भाजी कोमेजलेली.

"आजी, इकडे कशाला? तिकडे सावली आहे की."

"तिकडं बाई उभी हाय. तिला पाठ लावून कशी बसू?"

मी म्हटलं, "आत्ता पुसतो." खिशात पैसे होते, डबा-ब्रश पिशवीत होते.

"पुसतोस? तूच बोलावलीस ना? आलेल्या पावण्याला हाकलून देतोस काय?"

"मग काय करू?"

"काय नको. एवढ्या गाड्या तिने कुठं बघितल्यात? बघू दे जरा." ती हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला शाळा नाय. तू तर आठवी शिकलास."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी एक मोठी छत्री घेऊन गेलो, ती तिने घरातच टांगली आणि मुठीला लसणीच्या माळा अडकवल्या. चांगली दिसते, म्हणाली. सेक्रेटरींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, लोक फोटो काढतात तिथे. आता काही हलवायचं नाही." कोपऱ्यात आजीचं नाव लिहिण्याची परवानगी तेवढी मिळाली. नाव विचारायला गेलो तर म्हणाली, "त्या भिंतीवर नको. दुसऱ्या कुठल्या चांगल्या भिंतीवर लिही."

अजून ती पलीकडेच बसते. त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी उपवनला वळसा घालून जातो.

तीन-चार पावसाळ्यांत बाहेरचा रंग उडतो. देवी आपली आपण निघून जाईल. तेव्हा ती भिंत मीच रंगवणार आहे, फुकट रंगवावी लागली तरी. आजी गाईल तेवढंच काढीन, तिच्या आधी एक रेघ नाही. तिने सांगितलं तर तिचं नाव पहिलं लिहीन. आणि गेटजवळ, सावली पडते तिथे, तिच्या पाठीइतकी भिंत कोरी सोडीन.